बोलता येईल इतपत वेग

५ ऑगस्ट

धाकट्या,

तुझ्या बायकोचा फोन आला. अकरा वर्षांत तू माझ्याशी एक वाक्य बोलला नाहीस आणि आता निरोप काय, तर "ताईला म्हणावं, जानेवारीच्या मॅरेथॉनसाठी पेस काढून दे. बाकी काही लिहू नकोस म्हणावं." म्हणजे तुला बहीण नकोय, कोच हवाय. चालेल. सकाळी मैदानावर माझ्याकडे जी माणसं येतात त्यांनाही मी नकोच असते. आपण किती छान पळतो हे सांगणारं कुणीतरी हवं असतं, आणि ते काम हल्ली घड्याळं करतात.

पेस पाठवीन, पण पत्रातून. फोनवर पाठवला तर आकडे तेवढे उचलून मोकळा होशील. पत्रात तुला ते शोधावे लागतील आणि शोधता शोधता बाकीचं डोळ्यांखालून जाईल.

चार तासांत संपवायचं म्हणतोस म्हणे. हे कुणी ठरवलं? ऑफिसातल्या साहेबाने सव्वाचारात केली म्हणून? माझ्याकडचा प्रत्येक नवा माणूस हीच चूक करतो. आधी हवी ती वेळ धरतो, तिला बेचाळीस किलोमीटरने भागतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्या वेगाने सुटतो. महिनाभरात गुडघा धरून बसतो आणि बुटांना शिव्या देतो. पेस हव्या असलेल्या वेळेवरून काढत नाहीत. असलेल्या अंगावरून काढतात. तेव्हा एका सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर नेटाने पळ आणि तुझं घड्याळ माझ्या फोनला जोडून दे. तुला जमलं नाही तर बायको देईल.

त्याआधी छातीची तपासणी करून घे. हो, परत तेच. बाबा चव्वेचाळिसाव्या वर्षी जिन्यात पडले, तेव्हा डॉक्टरांनी अॅटॅक लिहिलं आणि हात धुतले. पुढे चुलतभाऊ तसाच गेला, तेव्हा कळलं की हृदयाचा स्नायू जाड होत जातो आणि हे घराण्यात चालत येतं. म्हणून तुझं लग्न ठरत होतं तेव्हा मी मुलीच्या आईवडिलांना सरळ सांगितलं, "मुलाची पत्रिकाबित्रिका राहू द्या, हृदयाची सोनोग्राफी मागा." चहा गार झाला, लग्न मोडता मोडता राहिलं आणि तू बोलणं टाकलंस. तपासणी शेवटपर्यंत केली नाहीसच. मला सांगितल्याचं अजूनही वाईट वाटत नाही. फार तर बिस्किटं खाऊन झाल्यावर सांगायला हवं होतं, चांगली होती.

तू दिवसभर लोकांच्या लिफ्टचे दोर तपासतोस. तपासणीची तारीख उलटली की लिफ्टला सील ठोकतोस. हे मी नुसतं लिहून ठेवते.

शर्यत आणि तुझा चव्वेचाळिसावा वाढदिवस एकाच आठवड्यात आहेत. त्यावर मी काही लिहीत नाही. तूच नको म्हणालास.

ताई


१९ ऑगस्ट

धाकट्या,

तपासणीचं विचारलं तर तुझी बायको म्हणाली, "ताई, तो विषय काढला की ते गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालतात. झाडं कुजायला आली."

पाच किलोमीटरला बत्तीस मिनिटं. वाईट नाही. शेवटच्या किलोमीटरला एवढा जीव काढायची गरज नव्हती, बघायला कुणी नव्हतं. यावरून चार तास नाही निघत, पाचच्या आसपास निघतात. रुसू नकोस. मी ज्यांना पाच सांगते ते दुसरीकडे जाऊन चार विकत घेतात आणि साडेपाचला लंगडत येतात.

आता पेस. आठवड्यातले तीन दिवस हलकं पळायचं, किलोमीटरला सव्वाआठ मिनिटं. परत वाच, सव्वाआठ. काठी घेऊन फिरायला निघालेले आजोबा तुझ्या पुढे जातील, जाऊ देत. एक दिवस जरा जोर, सात मिनिटं दहा सेकंद. रविवारी लांब, तेही सव्वाआठनेच.

हलकं पळणं खरोखर हलकं आहे का, याची एकच परीक्षा. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तुटक नाही, मध्ये श्वास घेत नाही. घड्याळ फसतं, माणूस स्वतःला फसवतो, पण वाक्य फसत नाही. आता तू बसल्या जागीही बोलत नाहीस, तेव्हा तुझी परीक्षा घ्यायची कशी? मी तुझ्या बायकोला सांगितलंय की सायकल काढ, त्याच्या बाजूने चालव आणि भांड. माळ्यावरच्या सामानापासून सुरू कर. पूर्ण वाक्यात उलट उत्तर आलं तर वेग बरोबर. नुसता 'हं' आला तर हळू कर म्हणावं.

ती म्हणाली, "भांडायला मला सायकल कशाला लागते?" बायको चांगली मिळालीय तुला. माझ्यामुळे जाता जाता राहिली, हे कबूल.

ताई


१६ सप्टेंबर

धाकट्या,

सव्वाआठ सांगितले, तू पावणेआठने पळतोस. एक दिवस नाही, रोज. अर्धं मिनिट काढून घेतल्याशिवाय तुझ्या घशाखाली पाणी उतरत नाही. लहानपणी अर्धा लिटर दूध आण म्हटलं की एक लिटर आणायचास, एक म्हटलं की रिकामी पिशवी हलवत यायचास. आईने शेवटी तुला काही सांगणंच सोडलं होतं. मी सोडलं नाही, हाच आपल्या दोघांमधला तंटा.

बाकी ठीक आहे. नाडी ठीक, श्वास ठीक. तुझी बायको म्हणते, माळ्यावरच्या सामानावर तीन किलोमीटर भांडलात, मग तिच्या भावाच्या गाडीवर दोन, आणि एकदा तू इतकं लांबलचक बोललास की तिला वळणावर उत्तर सुचलं नाही आणि सायकल कठड्याला लागली. हे ऐकून मला किती बरं वाटलं ते तुला सांगणार नाही.

तुमच्या इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद आहे म्हणे. लिफ्ट तपासणाऱ्याच्या घरची लिफ्ट. लोक तुला जिन्यात अडवून विचारतात आणि तू म्हणतोस, हे माझ्या हद्दीत येत नाही. पाच मजले चढतोस. मला बाबा आठवले. घर चौथ्या मजल्यावर आणि हे दुसऱ्यावर थांबून किल्ली शोधायचे. सगळे खिसे चाचपायचे, पिशवी उपसायचे, डबा काढून कठड्यावर ठेवायचे. आई वरून ओरडायची, "अहो, दार उघडंच आहे." आपण दोघं हसायचो. तू त्यांची नक्कल फार छान करायचास.

पुढचा महिना, सव्वाआठच. तुला काय करायचं ते तू करशीलच.

ताई


२० ऑक्टोबर

धाकट्या,

दोन आठवडे झाले, तू माझं ऐकतोयस. सव्वाआठ सांगितले, सव्वाआठने पळालास. मंगळवारी, गुरुवारी, रविवारी. माझ्या मैदानावरच्या एका बँकवाल्याला तुझे आकडे दाखवले, तर म्हणाला, "मॅडम, किती शिस्तीचा माणूस आहे." मी फोन पर्समध्ये टाकला.

जोरात पळायच्या दिवशी सात-दहाच्या जागी साडेसात झाले. सर्दी होती का? झोप झाली नव्हती का? सध्या जोर अजिबात नको. सगळं हलकं, साडेआठ धर. शर्यत कुठे पळून जात नाही.

तुझ्या बायकोला फोन केला, भांडणं कशी चाललीत विचारलं. खूश होती. "ताई, पळायला लागल्यापासून हे फार शांत झालेत हो. मी बोलत राहते, हे ऐकून घेतात. काल मी अख्खा माळा रिकामा करायचा म्हटलं तरी नुसतं 'हं' म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकतायत."

तिला म्हटलं छान, आणि फोन ठेवला. तुला विचारते. तू बरा आहेस ना?

ताई


५ नोव्हेंबर

धाकट्या,

आज आकडे शोधू नकोस, नाहीयेत.

आधी एक सांगते. सव्वाआठ हा तुझा पेस कधीच नव्हता. तुझ्या अंगाला पावणेआठ बरोबर होते. मी सांगेन त्यातून तू अर्धं मिनिट काढणार हे मला ठाऊक होतं, म्हणून वर अर्धं मिनिट घालून पाठवत होते. तू माझ्यावर मात केल्याच्या आनंदात बरोबर तेच पळत होतास जे मला हवं होतं. छान चाललं होतं आपलं. म्हणूनच तू ऐकायला लागलास तेव्हा मी तुझे आकडे रात्री परत परत काढून बघितले. तू सुधारलास म्हणून सव्वाआठ झाले नाहीत. तुझ्याच्याने पावणेआठ होईनात.

तुझं घड्याळ तेच सांगतंय. वेग उतरत चाललाय आणि नाडी चढत चाललीय. नीट तयारी करणाऱ्या माणसाचं याच्या उलट होतं.

काल मी तुझ्या बायकोला नीट खोदून विचारलं. म्हटलं, लिफ्ट अजून बंदच आहे, तर जिना चढताना काही? ती म्हणाली, "नाही हो. मध्ये तिसऱ्या मजल्यावर बुटाची नाडी बांधायला थांबतात तेवढंच." मी विचारलं, रोज? "रोज. ऑफिसातून येताना पण." म्हटलं, ऑफिसला तो काय घालतो? तिने फोन धरूनच बुटांचं कपाट उघडलं. मग हळूच म्हणाली, "ताई, ऑफिसच्या बुटांना नाडी नाहीये."

धाकट्या, बाबांची किल्ली कधी हरवली नव्हती.

मला हे कळायला पन्नाशी यावी लागली. दुसऱ्या मजल्यावर त्यांचा श्वास संपायचा आणि ते डबा कठड्यावर ठेवून वेळ काढायचे, कुणी बघायला नको म्हणून. आपण बघत होतो आणि हसत होतो. पोरंच होतो, आपल्याला काय कळणार. पण आता तू पोर नाहीस, आणि तू नाडी नसलेल्या बुटाची नाडी बांधतोयस.

पळणं बंद कर. आजपासून, पूर्ण. तुला उलटं सांगून बघावं असंही मनात आलं. पळ, जोरात पळ, लिहिलं तर थांबशील का? पण हल्ली तू ऐकायला लागलायस, त्याचं काय करू? म्हणून सरळ लिहिते. थांब आणि तपासणी करून घे.

ताई


२१ नोव्हेंबर

धाकट्या,

माझंच पत्र परत पाठवलंस. खाली तुझ्या त्या सरकारी तिरक्या अक्षरात तीन शब्द, 'तू केलीस का?' अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, आणि तेही इतक्या बरोबर जागी लागलेलं.

नव्हती केली. सगळ्या गोतावळ्याला तपासणीसाठी पिटाळलं, तुझं लग्न मोडत आणलं, आणि मी स्वतः वीस वर्षं रोज पळते, मला काय होणार, म्हणून हिंडत राहिले. चव्वेचाळीस उलटलं तेव्हा स्वतःच स्वतःला पास करून टाकलं.

काल करून आले. थंड खोली, वर अर्धवट जळका दिवा, कागद पसरलेला पलंग. तपासणारी मुलगी विशीतली. छातीवर गार चिकट मलम लावून तिने यंत्र इतकं दाबलं की मी म्हटलं, "बाई, आत काय शोधतेयस?" ती म्हणाली, "आजी, बोलू नका." आजी. तेवढ्यानेच ठोके वाढले असतील. पडदा तिच्याकडे वळवलेला. मला फक्त तिचा चेहरा दिसत होता आणि तो वाचता येईना. तो वेळ कसा जातो ते मला आता कळलंय, तेव्हा तुला भित्रा म्हणणार नाही. मनात म्हणत होते ते मागे घेते.

माझं हृदय साफ आहे. मुलगी म्हणाली, "मस्त आहे." बाहेर आले आणि स्कूटरची किल्ली सापडेना. सगळी पर्स उपसली, पायऱ्यांवर पसरली. हातातच होती.

बाबांच्या प्रत्येक मुलाला हे यायची शक्यता निम्मी असते, असं डॉक्टर म्हणाले. माझं साफ निघालं म्हणून तुझं बिघडलेलं असेल असा हिशोब नसतो, हेही म्हणाले. पण मी येताना रस्ताभर तोच हिशोब करत होते.

मी केली. आता तुझी पाळी. तुझ्या बायकोने सोमवारची वेळ घेतलीय, एक तारखेची. मी येतेय, दाराबाहेर बसेन, एक शब्द बोलणार नाही. वाटलं तर तोंडाला सील लाव, तुझ्याकडे असतंच. त्याच्या आदल्या रविवारी तुझ्या जुन्या तक्त्यात लांब रन आहे. तो करू नकोस. एवढा एक रविवार माझं ऐक, मग सोमवारनंतर आयुष्यभर उलटं वाग.

ताई


८ डिसेंबर

धाकट्या,

हे मी तुझ्या दारापासून दहा पावलांवर, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून लिहितेय. तुला वाचायला कधी मिळेल माहीत नाही. आत सोडतात तेव्हा बोलावं असं नर्स म्हणते, ऐकू जातं म्हणे. मला समोर बसून तुझ्याशी बोलायची सवय राहिली नाही, म्हणून लिहितेय.

त्या रविवारी सकाळी मी फोन घेऊन बसले होते. तुझ्या नावासमोर काही येईना. सात वाजले, आठ वाजले, कोरंच. मी स्वतःसाठी परत चहा टाकला. ऐकलं गं बाई, म्हटलं, शेवटी ऐकलं यानं.

घड्याळ तुझ्या मोज्यांच्या कप्प्यात होतं. मला दिसू नये म्हणून काढून ठेवलंस. बायकोला वाटलं दूध आणायला गेलास. तू पेट्रोल पंपासमोर पडलास. पंपावरच्या दोघांनी आळीपाळीने छाती दाबत तुला धरून ठेवलं, गाडी येईपर्यंत.

त्यांना परवा भेटून आले. थोरला म्हणाला, "ताई, साहेब जोरात नव्हते पळत हो. अगदी सावकाश. आणि एकटेच बोलत होते. आम्हाला वाटलं कानात फोन असेल."

मी विचारलं, काय बोलत होता?

"ते नाही कळलं. पण कुणाशी तरी भांडत होते. चांगलं मोठमोठं बोलत होते. मग बोलायचं थांबले, आम्ही वर बघितलं, तर पडलेले."

शेजारच्या खुर्चीवर तुझी बायको बसलीय. तिने आज मला विचारलं, "ताई, ते शांत झाले म्हणून मी खूश होते ना. मला कळायला हवं होतं ना?" मी म्हटलं, नाही. आमच्या घरात हे लपवायचं शिक्षण फार लहानपणापासून मिळतं. तू बाहेरून आलेली, तुला कुठून कळणार. मग आम्ही दोघींनी कॅन्टीनचा चहा प्यायला आणि तो किती वाईट आहे यावर बराच वेळ बोललो.

स्नायू जाडच आहे. बाबांचाच आहे, तंतोतंत.

ताई


११ जानेवारी

धाकट्या,

हे पत्र तुझी बायको वाचून दाखवेल. तुझ्या डोळ्यांपुढे अक्षरं अजून हलतात, असं ती म्हणाली.

शर्यत गेल्या रविवारी झाली. साहेबाची पावणेपाचात झाली. परवा तुला चव्वेचाळीस लागलं, छातीत ठोका चुकला की झटका देणारं यंत्र बसवलेलं, कॉलरबोनखाली काड्यापेटीएवढा उंचवटा. डॉक्टर म्हणतात, परत पळायचं नाही, कधीच. आणि मेंदूला जी मिनिटं हवा मिळाली नाही त्यांचं काय होईल ते हळूहळू कळेल. तुला शब्द सापडत नाहीत. काल ग्लास म्हणायचं होतं, तू "दोर, दोर" म्हणत राहिलास आणि मग भिंतीकडे तोंड फिरवलंस. मी बाहेर जाऊन गॅलरीतल्या झाडाला पाणी घातलं. त्याला नको होतं.

तर पेस. डॉक्टरांना विचारून काढलाय, आणि या वेळी वर काही घातलेलं नाही. आहे तो हाच. माझ्याकडे आता तुझ्यासाठी दुसरा हिशोब नाही.

पलंगापासून खिडकीपर्यंत, आणि परत. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. वेग पडेल तो. पुढच्या आठवड्यात दाराबाहेर, नळाच्या बेसिनपर्यंत. तुझी बायको बाजूने चालेल. सायकल नसेल, भांडण असेल. तिला सांगितलंय, तो अडखळला तर शब्द पुरवू नकोस, थांब, त्याला शोधू दे. वेळ लागला तर लागू दे.

परीक्षा तीच, पण पूर्ण वाक्याची अट काढून टाकलीय. दोनच शब्द पाठ कर. छाती भरून आली की भिंतीला हात लाव, उभा राहा आणि म्हण, "दम लागला." किल्ली शोधायची नाही. खाली वाकायचं नाही, तुझ्या पायांत चपला आहेत. हे दोन शब्द आपल्या घरातल्या कुठल्याही पुरुषाने आजवर मोठ्याने म्हटलेले नाहीत. बाबांना दुसऱ्या मजल्यावर म्हणता आले असते. आई खाली धावत आली असती.

उद्या सकाळी ती फोन चालू ठेवून खिडकीत ठेवेल. मी मैदानावर कुणाला बोलावलेलं नाही. इथे माझ्या घरी बसून ऐकेन. तुझ्या चपला घासतात, मला कळेल कुठपर्यंत आलास. थांबलास की वाट बघेन.

ताई